बापावर विनोद का करतोस?

कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतंच. आधी "मराठी किती छान बोलतोस", मग "मूळचे नेपाळचे ना?" आणि मग हळूच हे. तर तुम्ही विचारलंत म्हणून.

मराठी छान बोलतो, कारण दुसरी कुठली धड येत नाही. रत्नागिरीत, पावस रस्त्यावरच्या हापूसच्या बागेत, राखणीच्या खोपीत वाढलो. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या मातीतला म्हणून. त्याच मातीत वाढलो तरी मला अजून मूळ विचारतात. हा विनोद चालतो. कुणाला लागत नाही.

लागला तो दुसरा. नेपाळीत आंब्याला, पेटीला तो-ती लागत नाही, त्यामुळे बाबांचं मराठी असं: "शेठ, वांदर आली, आंबा खाल्ली, मी पळाली." वाडीच्या सत्यनारायणाला रात्री पहिल्यांदा माईक हातात आला तेव्हा मी हेच केलं. त्यांच्या आवाजात, त्यांच्यासारखी मान वाकडी करून. कैरी सुपारीएवढी झाली होती, म्हणजे वांदरांचे दिवस. तरी बाबा बाग सोडून आले होते. खुर्च्या रिकाम्या असून मागे उभे. "मी पळाली"ला माणसं हसून लोळली. मागे बॅटरी दोनदा लागली, विझली. टाळ्या वाजवायला हात मोकळा नाही म्हणून, असं मी धरून चाललो.

त्या सीझनला पेट्या न्यायला आलेला टेम्पोवाला म्हणाला, "काय बहादूर, पळाली काय?" मग गडी, मग शेठचा नातू. बाबा हसायचे. पण शेठचा फोन आला की मुकाट आईच्या हातात द्यायला लागले. वीस वर्षं ज्या मराठीवर बाग राखली, ती फोनवर बंदच केली.

तेव्हा माझं म्हणणं होतं, लोक हसणारच आहेत, मग आपणच आधी हसावं. आजही ते साफ खोटं वाटत नाही. पण त्याआधी कोण हसत होतं? आंबा पडला काय नि पडली काय, शेठला कळत होतं. हसायला मीच शिकवलं.

आणि एक, राग मानू नका. हे विचारणारेच "पळाली"ला सगळ्यात मोठ्याने हसलेले असतात. स्टेजवरून दिसतं.

तो विनोद दोनदा काढून टाकला. पुण्यात एकदा शो पडायला लागला, परत घातला. चालला.

बाबा हल्ली विचारतात, नेपाळीतच, वांदराचा केलास का?

मी नाही म्हणतो.