चिमटा लावलेलं पातेलं

१८ ऑगस्ट, सोमवार, रात्र

ओबाआचानना, म्हणजे मैत्रिणीच्या आजीला, आभाराचं पत्र लिहायला बसलेय आणि आत्ता तिसरा कागद फाडला. कुणाकडे राहून आलं की दोन-तीन दिवसांत पत्र जायला हवं, ही इथली, जपानातली रीत मला मनापासून आवडते. हवेबद्दलच्या दोन ओळी झाल्या, समुद्राबद्दल झालं. "माझ्यासाठी चार दिवस वेगळा स्वयंपाक केलात" इथपर्यंत येते आणि पुढे पेन सरकत नाही. म्हणून ते बाजूला ठेवून आधी इथे लिहिते.

त्यात आज श्रावणी सोमवार, यंदाचा चौथा आणि शेवटचा. हे मला सकाळी आईच्या मेसेजवरून कळलं.

१३ तारखेला मी एकटीच कोबेहून बोटीत बसले. मैत्रीण आणि तिच्या घरचे आधीच शोदोशिमा बेटावर पोचले होते. आकाशीच्या पुलाखालून बोट जाते तेव्हा सगळी माणसं फोटो काढायला डेकवर धावली आणि मी आत उडोनचा, जाड शेवयांचा, वाडगा घेऊन बसून राहिले, कारण रांग मोकळी झाली होती. उडोनचं पाणी मासळीचंच असतं. मी ते वर्षभर पिते, श्रावणातही. यंदा, गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षीही. श्रावण मी ठरवून सोडला नाही. बाबांच्या नंतरच्या त्या वर्षी कुठलीच तिथी लक्षात ठेवावीशी वाटली नाही, आणि मग सवयच गेली. असो.

म्हणजे साकाते बंदरावर उतरले तेव्हा माझ्या तोंडाला मासळीची चव होती. हे मी पुन्हा पुन्हा आठवतेय.

बंदरातून गाडी उमाकीकडे वळली की शोयूचा, म्हणजे सोया सॉसचा, वास सुरू होतो. शोदोशिमात चारशे वर्षं शोयू बनतोय. जुन्या कारखान्यांच्या लाकडी भिंती आणि कौलं काळी पडलेली आहेत. मला ती काजळी वाटली होती, पण ती बुरशी. ती कुणी घासून काढत नाही, कारण भिंतीतल्या आणि सीडरच्या लाकडी पिंपांतल्या त्या जिवांवरच शोयू पिकतो. आमच्या मसाल्याच्या डब्याला आतून जसा कायमचा वास असतो तसा त्या अख्ख्या गल्लीला आहे. मला एकदम बरं वाटलं. वाटलं, चार दिवस सुखात जाणार.

ओबाआचान दारातच उभ्या होत्या, पाठीतून वाकलेल्या, अॅप्रनला हात पुसत. मी वाकून नमस्कार करतेय तोवर त्या म्हणाल्या, "तुमचा तो महिना चालू आहे ना? काही काळजी करू नका. ओबोनात आमचंही शोजिनच असतं." (ओबोन म्हणजे इथले पितरांचे दिवस, शोजिन म्हणजे मासे-मटणाशिवायचं जेवण.)

माझी मैत्रीण मला पहिल्यांदा भेटली ती एका ऑगस्टमध्ये. ऑफिसच्या जेवणात मी मासे-मटण बाजूला सारलं आणि तिने विचारलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं होतं, की आमच्याकडे मालवणात एरवी माशाशिवाय घास उतरत नाही पण या महिन्यात घरात सुकी मासळीसुद्धा उघडत नाहीत. तिने ते लक्षात ठेवलं. नंतरच्या ऑगस्टांत आमचं एकत्र जेवण झालंच नाही, ती सुट्टीला घरी जायची आणि मी ओसाकात. यंदा मला घरी न्यायचं ठरलं तेव्हा तिने आजीला सांगून ठेवलं. यात तिचं काय चुकलं? काहीच नाही.

आणि मी दारात म्हटलं, "हाय." हो.

एवढंच. एका अक्षराची गोष्ट. पण त्यानंतर ज्या गोष्टी बघितल्या त्यांनी ते अक्षर रोज जड होत गेलं.

स्वयंपाकघरात शेगडीवर दोन सारखीच पातेली होती, आणि त्यातल्या एकाच्या कानाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला. घाईत कुणी चुकीचा डाव बुडवू नये म्हणून. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर हाताने लिहिलेलं "शोजिन". त्या भागात दाशी, म्हणजे साराचं मूळ पाणी, इरिकोची असते, सुकवलेल्या बारक्या माशांची. ते पातेलं उघडलं की मला थेट आमच्या बाजारातली सुक्या मासळीची रांग आठवायची. चिमट्याच्या पातेल्यात मात्र कोम्बूची, समुद्री शेवाळाची, पट्टी आणि सुके शिताके मशरूम, आदल्या रात्रीपासून गार पाण्यात भिजत घातलेले. वांगं घालून केलेल्या सोमेनला, म्हणजे बारीक शेवयांना, तिथे नासुसोमेन म्हणतात, असं काकूंनी सांगितलं (मैत्रिणीच्या आईला मी मनात काकूच म्हणते). ते इरिकोशिवाय होतच नाही. ओबाआचाननी माझं शिताकेच्या पाण्यात केलं. शेवया ताणताना हाताला तेल लावतात ते कसलं, हेसुद्धा त्यांनी शेजारच्या सोमेनवाल्यांना फोन करून विचारलं. शोदोशिमाच्या सोमेनला तिळाचंच तेल लागतं, हे त्यांना जन्मापासून माहीत. तरी विचारलं. त्सुकुदानीच्या, शोयूत आटवलेल्या तोंडीलावण्याच्या, पाकिटावरची बारीक अक्षरं त्यांनी भिंग लावून वाचली.

मी तेव्हाच का नाही बोलले? पातेली चढलेली होती. आता सांगितलं तर त्यांचा सगळा खटाटोप फुकट गेल्यासारखा होईल असं वाटलं, आणि हे कारण खोटं नाही. पण पूर्णही नाही. मला कुणीतरी एवढं जपतंय हे आवडत होतं. खूप दिवसांत असं कुणी जपलं नव्हतं.

१४ ला पहाटे अंधारातच उठवलं. नदीच्या कोरड्या पात्रात जागोजागी घराघरांतली माणसं दगडांच्या चुली मांडून बसली होती. धूर, टॉर्चचे झोत, पेंगुळलेली मुलं. कावामेशी म्हणतात याला, नदीवरचा भात. भाज्या घातलेला गोमोकुमेशी तिथेच शिजवायचा, काकीच्या, म्हणजे पर्सिमनच्या हिरव्या पानांवर थोडा थोडा वाढायचा आणि ती पानं पात्रातल्या दगडांवर ठेवायची. ज्यांना वाढणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. आपले पूर्वज घरात बुत्सुदानासमोर, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, जेवतात, हे बाहेरचे भुकेले. आमच्याकडे पान मांडून कावळ्याची वाट बघतात, इथे कुणाचीच वाट बघत नव्हते. पानं ठेवली आणि उरलेला भात सगळे तिथेच बसून खायला लागले.

यंदा त्या भाताचं पातेलंही एकच होतं. माझ्यासाठी म्हणून सगळ्या घराने इरिकोशिवायचा भात खाल्ला.

ओबाआचाननी एक पान माझ्या हातात दिलं. काकीचं पान जाड, वरून चकचकीत, आणि गरम भाताने हाताला ओलं ओलं लागत होतं. मी ते ठेवलं. कुणासाठी ठेवलं ते इथे लिहीत नाही. भाद्रपदात घरी जाणं जमणार नाही, हे आईला अजून सांगायचंय.

दुपारी भटकलो. शोयूचे कारखाने, ऑलिव्हची झाडं, लोकांची गर्दी. ऑलिव्ह इथे १९०८ मध्ये आणून लावली म्हणे, आणखी दोन ठिकाणी लावलेली जगली नाहीत. माझं लक्ष नव्हतं. तोनोशोला दोफुचीची सामुद्रधुनी बघितली, जगातली सगळ्यात अरुंद म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे, सगळ्यात निमुळत्या जागी ९.९३ मीटर. दिसायला आपल्याकडची खाडीची फांदी. पुलावर मैत्रीण आणि मी दोघीच होतो. इथे सांगून टाकू म्हणून मी थांबले. ती म्हणाली, "आजी किती खूश आहे बघितलंस?" आणि आम्ही पलीकडे गेलो.

त्या रात्री काकांनी आजी मासे तळून आणले. (मासाच, नावच आजी. बांगड्याचा लहान भाऊ म्हणावा असा.) मी ते लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं फार सोज्वळ होईल. टेबलाच्या त्या टोकाला, माझ्यापासून शक्य तितक्या लांब, ताट ठेवलं होतं, खिडकी उघडून. कडक शेपट्या. वरून मीठ आणि लिंबू. मी समुद्राकाठची. तळलेल्या मासळीचा वास आला की आमच्या अंगणात सगळी भावंडं हातातलं टाकून आत पळायची. आणि मी बेटावर, चहूबाजूंना समुद्र, समोर कोयादोफूचा, सुकवलेल्या टोफूचा, तुकडा घेऊन बसलेय, कारण मला एक वाक्य बोलता आलं नाही. त्या क्षणी मला स्वतःची इतकी कीव आली की डोळे भरले. वाटलं, आपण कुठेच धड नाही. आईला फोनवर खोटं, इथे खोटं. घरच्यांच्या लेखी मी श्रावण पाळणारी, इथल्यांच्या लेखी तीच, आणि खरी मी फक्त बोटीतल्या त्या वाडग्यासमोर बसलेली.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या शेजारी बसलेल्या ओबाआचानच्या ताटातही कोयादोफूच होतं. तीळ लावलेला घेवडा, वांगं, कोम्बूच्या दाशीतलं मिसोशिरू. पहिल्या दिवसापासून. मी बघितलंच नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "वेगळं ताट घेऊन एकट्याने जेवणं बरं नाही वाटत."

बुत्सुदानासमोर त्यांनी ठेवलेलं ताट मी रोज सकाळी बघत होते. हाताच्या ओंजळीत मावतील अशा लाखेच्या पाच वाट्या, भात, सार, भाजी, लोणचं, आणि चॉपस्टिक्स आपल्या बाजूला नाहीत तर आत, ज्यांनी जेवायचं त्यांच्या हाताशी. त्यातही तेच पदार्थ, त्याच चिमट्याच्या पातेल्यातले. म्हणजे त्या घरातले गेलेले सगळे, ओबाआचान आणि मी, असे एका पंगतीला जेवत होतो.

तेव्हापासून चुटपुट गेली नाही, पण तिची जात बदलली. आधी वाटत होतं मी फसवतेय. मग वाटायला लागलं की मी जे मागे टाकून आले ते कुणीतरी माझ्या मागून उचलून आणलं, धुऊन, पुसून, माझ्यासमोर वाढलं. माझा श्रावण त्या घराने पाळला. मी नुसती जेवले.

परतताना मैत्रीण माझ्याबरोबर होती. बोटीत मी तिला सांगितलं. सगळं, उडोनसकट. ती बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजीला सांगू नकोस." आजीला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, की स्वतःला वाईट वाटलं म्हणून, ते मला कळलं नाही. तिने कोबेला उतरताना माझी पिशवी उचलली, नेहमीसारखी. आज ऑफिसात बोललोही. पण ते वाक्य तिथेच आहे.

तर पत्र.

पहिल्या कागदावर मी सगळं कबूल केलं होतं. मी हा महिना आता पाळत नाही, माफ करा. वाचून बघितलं आणि डोळ्यांसमोर आलं की हे पत्र त्या भिंग लावून वाचतील. आणि माफी त्याच मागतील, मला ते पक्कं माहीत आहे. तुम्हाला मासा द्यायला हवा होता, कळलं नाही, असं म्हणत काकूंना फोन लावायला सांगतील. माझं ओझं उतरेल आणि त्यांच्या पाठीवर जाईल. फाडला.

दुसऱ्यावर नुसते आभार होते, पुस्तकातल्यासारखे. तो लिहायला सोपा गेला म्हणूनच फाडला. तिसऱ्यावर शाई सांडली.

संध्याकाळी आईचा फोन आला होता. "काय गो, श्रावण पाळतंस मा?" मी हो म्हटलं. एरवी हे हो म्हणताना मी लगेच विषय बदलते. आज म्हटलं, आई, मी चार दिवस एकीकडे राहून आले, तुला सांगते काय काय खाल्लं. आणि वांग्याच्या शेवया, तीळ लावलेला घेवडा, नदीतला भात, सगळं सांगत बसले. पानांचं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग विचारलं, "त्यांची पानां खंयच्या झाडाची?" मी सांगितलं. भाद्रपदाचं तेवढं आजही राहिलं.

आता चौथा कागद. हवेच्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या. मग लिहिलं: "चिमटा लावलेल्या पातेल्यातली दाशी मला घरी करायची आहे. शिताके किती तास भिजवायचे? कोम्बू त्याच पाण्यात घालायचा की वेगळ्या? आमचा महिना शनिवारी संपतो." खाली नाव.

शनिवारपर्यंत उत्तर येणार नाही, हे माहीत आहे. म्हणून अंदाजानेच पाच शिताके आणि बोटभर कोम्बू बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलंय. मघाशी उघडून बघितलं, पाणी अजून नितळच आहे.