जेट स्कीचा ट्रेलर: आधी बनवला, मग कापला, मग नंबर मिळाला

आधीच कबूल करतो, मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी वेल्डिंग, मग कागद. गोव्यात पेडण्याला माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, दिवसभर पाइप, अँगल, नटबोल्ट हेच विकतो, त्यामुळे ट्रेलर म्हणजे काय तर चार पाइप आणि दोन चाकं असं डोक्यात घट्ट बसलेलं.

झालं असं की ओळखीतला एकजण पोर्तुगीज पासपोर्ट करून निघाला आणि जाताना त्याची दोन सीटची जेट स्की, सी-डू स्पार्क, मला देऊन गेला, देऊन म्हणजे पैसे घेऊनच. तिची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे होती, मागच्या बाजूचा हल नंबर आणि इंजिन नंबर जुळवून ती माझ्या नावावर झाली. मला वाटलं झालं काम. पण ते पाण्यातलं काम. घरापासून शापोरा नदीवर चोपड्याला न्यायची कशी, तर रस्त्याने, आणि रस्त्याचं खातं वेगळं.

जूनमध्ये तशीही जेट स्की बाहेर काढायची सोय नसते, मग पावसाळाभर शेडमध्ये ट्रेलर बनवायचा ठरवलं. चौकोनी पाइपची फ्रेम, मारुती ८०० चे मागचे हब आणि १२ इंची चाकं, खाली पाट्यांची स्प्रिंग, वर दोन लांब फळ्या त्यावर जाड कार्पेट, म्हणजे खालचा भाग घासला जात नाही. पुढे स्की ओढून वर चढवायला विंच. वेल्डर आमच्याच भागातला, हात चांगला पण माप म्हणाल तर डोळ्याने. त्याने चाकांचा ऍक्सल बरोब्बर मधोमध लावला. दिसायला एकदम झकास आणि चालायला भयंकर, आवारातच मेव्हण्याच्या बोलेरोला लावून जरा फिरवला तर मागून कुत्र्याने शेपूट हलवावं तसा डावीकडे उजवीकडे.

मग कळलं की एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, पडायला हवा. माझं सगळं मिळून ३५० किलोच्या आसपास भरत होतं. स्कीचं रिकामं वजन २०० किलोच्या आत-बाहेर, ३० लिटरची टाकी फुल केली की पेट्रोलचेच वीस-बावीस किलो, बाकी फ्रेम. म्हणजे पुढे ३५ किलो पाहिजे. बायकोचा वजनकाटा हिचखाली ठेवून पाहिलं तर ८ किलो. ऍक्सल मागे सरकवायला लागला, केलेलं वेल्डिंग ग्राइंडरने कापून परत. तीन वेळा. काटा तेव्हापासून घरात एक किलो जास्त दाखवतो असं बायको म्हणते, मला तो आत्ता खरं दाखवायला लागला असं वाटतं, पण ते बोलायची सोय नाही.

रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट खाऱ्या पाण्यात दोन सीझन टिकत नाही, म्हणून हॉट डिप गॅल्वनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लेप द्यायला, फ्रेम घाटावर पाठवली. तिथून फोन, पाइपची तोंडं बंद आहेत, असं घेणार नाही. वितळलेलं जस्त साडेचारशे डिग्रीच्या आसपास असतं आणि बंद पाइपात ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन पाइप फुटतो, जवळ उभा असलेला माणूस गेलाच. मी रोज पाइप विकणारा माणूस आणि मला हे माहीत नव्हतं! प्रत्येक पाइपाला दोन्ही टोकांकडे भोकं पाडून मग डिप झाली.

तोवर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. चवथीत गोव्यात कोणाकडून काही करून घ्यायचं नसतं, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची आणि गप्प बसायचं. चवथ झाल्यावर फायलीत बिलं, फोटो, वेल्डरची पावती घालून आरटीओत गेलो.

खिडकीवरच्या साहेबांनी फोटो बघितले, छान केलाय म्हणाले, मला बरं वाटलं. मग विचारलं, "बाब, हाचो चॅसी नंबर खंय आसा?" चेसिस नंबर कुठला, मी म्हटलं पंच मारून घेतो, सांगा कुठला मारू. ते हसले. मग शांतपणे समजावलं, आणि त्यांचं सगळं बरोबर होतं हे मी आजही सांगतो. मोटर वाहन कायदा १९८८ मध्ये मोटर वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यात ट्रेलरही येतो. इंजिन नसलं तरी. म्हणजे त्याला नोंदणी लागते, आणि नोंदणीला फॉर्म २० बरोबर विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा फॉर्म २२ लागतो, जो उत्पादक देतो. उत्पादक कोण? मी? मग माझं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून मंजूर पाहिजे. एका ट्रेलरसाठी हे करणं म्हणजे एका नारळासाठी माड विकत घेणं.

बाहेर एक एजंट भेटलाच, ते भेटतातच. म्हणाला काळजी करू नका, शेतीचा ट्रेलर म्हणून बसवतो. मी एक मिनिट विचार केला, खोटं कशाला बोलू, केला. पण उद्या हायवेवर कोणाला धडकलो तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न विचारणार की शेतीच्या ट्रेलरवर जेट स्की काय करत होती, नांगरणी? नको म्हटलं.

शेवटी रस्ता निघाला तो असा. ट्रेलर बनवणारा, मंजूर मॉडेल असलेला एकजण शोधला, राज्याबाहेरचा. त्याला म्हटलं फ्रेम तुझी, चेसिस नंबर तुझा, फॉर्म २१ आणि २२ तुझे, फक्त फळ्या आणि विंच माझ्या मापाने तूच तुझ्या वर्कशॉपमध्ये लाव. घरच्या फ्रेमवर मी जे तीन वेळा कापून शिकलो ते सगळं मापासकट कागदावर काढून पाठवलं, त्यामुळे त्याला एकदाही परत विचारायला लागलं नाही. तिथूनच तात्पुरती नोंदणी करून ट्रेलर टेंपोत घालून घरी आणला.

मग आरटीओच्या इन्स्पेक्शनला चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतली, लांबी-रुंदी मोजली, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बोलेरोला जोडून लावून दाखवायला सांगितले. उजवा इंडिकेटर लागेना! आदल्या रात्री दहा वेळा तपासलेला. सॉकेटच्या पिनवर पावसाचं हिरवं पुट चढलेलं, किल्लीने खरवडलं आणि लागला. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी ट्रेलरच्या चेसिस नंबरसकट घालून घेतला होता, कारण बोलेरोची पॉलिसी आपोआप ट्रेलरला लागू होईल असं धरून चालायची माझी आता छाती नव्हती.

आणि घरच्या ट्रेलरचं काय? तर व्याख्या नीट वाचली की मोटर वाहनाने ओढायचा तो ट्रेलर. मी ग्राइंडर घेतला आणि पुढचा कपलर, म्हणजे गाडीला जोडायचा भाग, कापून टाकला, जागेवर लाकडी दांडा बसवला. आता तो हातगाडा. शेडमधून गेटपर्यंत दोघांनी ढकलत न्यायचा, तिथे स्की नव्या ट्रेलरवर चढवायची. घाटावरचं गॅल्वनायझिंग केलेला हातगाडा पेडण्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

पाण्यात घालताना दोन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागला. धक्क्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरवायचा नाही, हब गरम असतात, एकदम गार पाणी लागलं की आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. अर्धा तास थांबायचं, लाइटचा प्लग काढायचा, मग उतरवायचं. आणि ओहोटीला तर जायचंच नाही, उताराचा खालचा भाग शेवाळाने असा निसरडा असतो की बोलेरोच ट्रेलरच्या मागोमाग आंघोळीला जाते.

एक गंमत मात्र अजून चालू आहे. ट्रेलरला स्वतःचा नंबर असला तरी ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागे ट्रेलरवर दिसायला लागतो, कायद्यातच आहे ते. म्हणून मेव्हण्याच्या बोलेरोच्या नंबरची पाटी दोन हुकांवर लटकवलीय. परवा भाचा त्याची थार लावून गेला, पाटी तशीच बोलेरोची. पोलिसाने थांबवलं, तर हा मला फोन करून विचारतोय, "मामा, मी नक्की कुठल्या गाडीत आहे?"