झोपू द्या की त्यांना

दुपारपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "झोपू द्या की तिला जरा. सारखं काय उठवताय?"

आवाज चढलेला नव्हता. उलट दबका होता, ऑपरेशन होऊन आलेल्या बायकोची झोप मोडू नये म्हणून. तेच लागलं मला. कुणी ओरडून बोललं तर काही वाटत नाही, त्याची सवय झाली आहे. पण हा माणूस हळू बोलला, तिच्या कपाळावरचे केस मागे सारता सारता बोलला, आणि मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तिचा खांदा हलवत उभी. "ताई, डोळे उघडा बघू. मोठा श्वास घ्या." बघणाऱ्याला त्या खोलीत दुष्ट कोण वाटलं असेल ते सांगायलाच नको.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, आज गप्प का गं? तिला काय सांगणार? एका माणसाने बायकोची काळजी केली आणि मला वाईट वाटलं, असं?

वाईट वाटलं हे खरं. राग नव्हता तो. राग येऊन गेला असता तर इथे लिहीत बसले नसते.

त्यांना काय दिसत होतं ते मला कळतं. सकाळी ताईंना आत नेलं तेव्हा त्या घाबरून रडत होत्या. मग दारापाशी तासन् तास बसून राहणं. आणि आता समोर शांत चेहरा, कपाळाला आठी नाही, कण्हणं नाही, मॉनिटरवर ऑक्सिजन 98. त्यांनी बोट दाखवून मला ते सांगितलंसुद्धा, "हे बघा, सगळं चांगलंच दिसतंय." चांगलंच दिसत होतं. अडचण तिथेच होती.

मला दिसत होतं ते असं. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर लक्ष ठेवायच्या खोलीत, आल्या तेव्हा नाव विचारलं की लगेच सांगत होत्या. थोड्या वेळाने नाव सांगायच्या, पण आडनावापर्यंत पोचेपर्यंत पापण्या खाली यायच्या. मग हाक मारून भागेना, खांद्याला हात लावावा लागायला लागला. श्वास मिनिटाला 14 होते, ते 10 वर आले. आणि नुसते कमी झाले नव्हते, त्यांची लय बिघडली होती. तीन श्वास लागोपाठ, मग मोठा खंड, मग पुन्हा एक. म्हणूनच 15 सेकंद मोजून चाराने गुणायचं नसतं. पूर्ण मिनिट छातीकडे बघत उभं राहायचं. त्या खंडाच्या वेळी आपलाही श्वास अडकतो, हे शिकवताना कुणी सांगत नाही.

असं का होतं, ते त्यांना त्या क्षणी समजावून सांगता आलं नसतं. इथे लिहून पाहते.

पोटाचं मोठं ऑपरेशन. आत सगळा वेळ फेंटानिल, आणि टाके घालायच्या सुमारास मॉर्फिन, म्हणजे जाग आल्यावर वेदनेचा डोंब उसळू नये. दोन्ही अफूच्या जातीची जोरदार वेदनाशामकं. फेंटानिल शिरेत दिलं की काही मिनिटांत त्याचा जोर दिसतो. मॉर्फिन सावकाश चढतं, पूर्ण जोर यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, कधी जास्तही. आता बघा, टाके पडताहेत, घशातली नळी निघतेय, टेबलावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून पलंगावर. हे सगळं शरीराला ढोसत असतं. वेदना आणि हलवाहलव या स्वतःच माणसाला श्वास घ्यायला लावतात. मग इथे आणल्यावर पांघरूण घातलं, दिवा मंद केला, जवळचं माणूस शेजारी बसलं. ढोसणारं सगळं एकदम थांबतं, आणि नेमकं तेव्हाच मॉर्फिन भरात येत असतं. आतल्या टेबलावर जे बेताचं होतं तेच औषध, तेवढंच, इथे जास्त ठरू शकतं. शांत झोपेला जितकं अनुकूल, तितकं ते धोक्यालाही अनुकूल.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वासाचं केंद्र एरवी लगेच दखल घेतं. हे औषध त्याला बेफिकीर करून टाकतं. आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असला की बोटावरचं यंत्र बराच वेळ छान आकडा दाखवत राहतं. ते यंत्र ऑक्सिजन मोजतं. श्वास मोजत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठत गेला तरी बोटाला त्याचा पत्ता नसतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी असली तर पडद्यावरची लाट सावध करते. ती नसेल तिथे डोळे, घड्याळ, आणि "ताई, डोळे उघडा."

हे एवढं सगळं त्या "सारखं काय उठवताय"च्या उत्तरात बसवायचं कसं?

लिहिताना जाणवतंय की मला समजावून सांगता आलं नाही याचं एवढं दुःख नाहीये. दुःख याचं आहे की माझ्या कामाचा चांगल्यात चांगला निकाल म्हणजे काहीच न घडणं, आणि काहीच घडलं नाही की मधे उरते ती फक्त मी दिलेली कटकट. ज्याचा श्वास थांबला नाही, त्याला श्वास मोजणारी आठवायचं कारणच नाही. ताईंना उद्या आठवलंच तर एवढंच आठवेल, एक बाई झोपू देत नव्हती. कधी कधी वाटतं, दिवसभर मी लोकांच्या सुखाच्या क्षणी मधे मधे करत फिरते. पाय दुखतात, बोलणी खायची, आणि परत दुसऱ्या दिवशी… जाऊ दे.

(आईच्या वेळी मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते. ते इथे नको.)

परत त्या शांत चेहऱ्यावर येते, कारण मन तिथेच अडकलंय. शिकत असताना एका गोष्टीने झोप उडवली होती. 1980 च्या दशकापर्यंत कितीतरी ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं स्नायू लुळे करणारं औषध आणि नायट्रस ऑक्साइड हा हलकी भूल देणारा वायू, एवढ्यावर व्हायची. एवढ्या लहान बाळाला मोठ्यांसारखी वेदना कळत नाही असा समज होता. आणि फेंटानिल-मॉर्फिनने त्याचा श्वास बंद पडेल ही भीती होती. 1987 मध्ये डॉ. कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवरचा अभ्यास मांडला. ज्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिलही मिळालं, त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी. ज्यांना मिळालं नाही ती बाळंही टेबलावर हलली नव्हती. हलणार कशी? स्नायूच लुळे केलेले.

म्हणजे ती बाळंही शांत दिसत होती.

आज हे आठवलं आणि काहीतरी सुटं झालं. शांत पडलेलं माणूस स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. ते सुखात असेल, वेदनेत असेल, किंवा हळूहळू आपल्यापासून लांब जात असेल, आणि चेहरा तिन्ही वेळा एकच. कुणीतरी जाऊन विचारावंच लागतं.

आणि त्या बाळांमुळेच मला कुणी "कशाला देता ही असली औषधं" म्हटलेलं सहन होत नाही. फेंटानिलचं नाव हल्ली लोक बातम्यांमधून ऐकून येतात आणि सही करताना हात थांबतो. भीती खोटी नाही. 100 मायक्रोग्रॅम फेंटानिल म्हणजे साधारण 10 मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचं, म्हणजे मापातली एक चूक किती महागात पडेल ते कळतं. पण भीतीपोटी हात आखडता घेणं हा इलाज नाही. वेदनेने वाकलेलं माणूस नीट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही, आणि मग छातीत कफ धरतो. कमी देण्यानेही माणसं आजारी पडतात.

आत आम्ही ज्या पद्धतीने वागतो ती मला मनापासून आवडते. या औषधांच्या सिरिंजला निळं लेबल. उताऱ्याच्या नॅलॉक्सोनला निळ्यावर पांढरे तिरपे पट्टे. भरल्याक्षणी लेबल लागलंच पाहिजे, बिनलेबलाची सिरिंज कुणाचीही असो, ती टाकायची. अँप्यूल हातात घेऊन दोघींनी मोठ्याने वाचायचं: नाव, एका मिलीत किती, मायक्रोग्रॅम की मिलिग्रॅम. रोजचंच असलं तरी वाचायचं. भूल देणाऱ्या आमच्या मॅडम कधीच औषध एकदम ढकलत नाहीत. फेंटानिल मोठ्या मात्रेत झटकन गेलं तर छातीचे स्नायूच ताठ होऊ शकतात, मग बाहेरून श्वास द्यायलाही छाती दाद देत नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. त्यातलं थांबणं सगळ्यात अवघड. मॉर्फिन दिल्यावर पाच मिनिटांत "अजून दुखतंय" ऐकलं की हात पुढच्या सिरिंजकडे जातोच, आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. म्हाताऱ्या माणसाला कमी, किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन शक्यतो टाळायचं, कारण त्याचा झालेला पदार्थ शरीरात साठत राहतो आणि तोही गुंगी आणतो. याच जातीचं रेमिफेंटानिल असेल तर उलट काळजी. ते थांबवलं की काही मिनिटांत उतरतं, म्हणून आधीच दुसरं वेदनाशामक देऊन ठेवायला हवं. आणि कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, सलाईनने धुवायची, नळीत राहिलेले दोन थेंब नंतर दुसऱ्या इंजेक्शनबरोबर आत गेले तर श्वास थांबवायला पुरतात.

उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकायचं, दोघांच्या सह्या, कपाटाला दोन कुलपं. नवीन मुलींना हा अविश्वास वाटतो. मला पूर्वी वाटायचा. आता नाही वाटत. या औषधांची ओढ औषध हाताळणाऱ्यांनाही लागते, आणि ती लागलेलं माणूस मी… नको.

आज मॅडमना बोलावलं. त्या आल्या, त्यांनीही पूर्ण मिनिट मोजलं, पलंगाची डोक्याची बाजू वर केली, हनुवटी उचलून धरली, हाका मारायला लावल्या. नॅलॉक्सोन भरून जवळ ठेवलं, दिलं नाही. लागलंच असतं तर अख्खी अँप्यूल त्यांनी एकदम दिली नसती. 400 मायक्रोग्रॅममधलं 40, मग थोडं थांबून गरज असेल तर पुन्हा 40. सगळं एकदम दिलं की श्वासाबरोबर वेदनाही पूर्ण जोराने परत येते, बीपी भडकतं, क्वचित फुप्फुसात पाणी होतं. शिवाय त्याचा असर अर्धा ते दीड तास, मॉर्फिनचा त्याहून जास्त. म्हणजे माणूस जागा झाला म्हणून निश्चिंत झालो की पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. ताईंना ते लागलं नाही. हळूहळू श्वास 12 झाले, आडनाव पूर्ण यायला लागलं. पुढची मॉर्फिनची मात्रा थांबवली, पॅरासिटामॉल चालू होतंच, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना दिलेल्या ब्लॉकने, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, बाकीचं निभावून नेलं. मग खरोखरच झोपल्या, आणि मी झोपू दिलं. हाकेसरशी डोळे उघडणारी झोप होती ती.

जाताना यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. असू दे. त्यांनी पाहावं अशी अपेक्षा घेऊन मी तिथे उभी राहत नाही, हे एवढं लिहिल्यावर तरी मला पटतंय. बायकोला आराम पडावा हे त्यांचं मागणं आणि माझं मागणं एकच होतं. त्यांनी राखण केली तिच्या झोपेची, मी श्वासाची. दोघांनी एकमेकांवर चिडण्यासारखं त्यात काही नाही.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. वॉर्डात गेल्यावर ताईंना बटणाचा पंप लावणार आहेत. दुखलं की आपणच बटण दाबायचं, ठरलेली मात्रा जाते, मधल्या काळात कितीही दाबलं तरी पंप देत नाही. पण त्याची खरी राखण ही, की गुंगीत गेलेला हात बटण दाबत नाही. आणि शेजारी बसलेलं प्रेमाचं माणूस दाबतं, तिला झोपेत कळ येऊ नये म्हणून. तो हात मला आज दिसला. कपाळावरून केस सारणारा. वॉर्डातल्या सिस्टरला मी फोन करून सांगितलंय, बटण फक्त ताईंच्या हातात, यजमानांना बाजूला घेऊन कारणासकट सांगा, नुसतं "हात लावू नका" नको.

उद्यापासून नातेवाईक आत यायच्या आधी मीच दारात दोन वाक्यं बोलणार. "त्यांना सारखं उठवावं लागेल, कारण हे औषध वेदनेबरोबर श्वासही मंद करतं. तुम्हाला ते झोपलेले आणि हाक मारून उठत नाहीयेत असं वाटलं, तर मला लगेच बोलवा." श्वास मोजायला मात्र त्यांना लावायचं नाही. ते ओझं त्यांचं नाही.

उद्याच्या यादीत पहिले आजोबा आहेत, झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो म्हणाले होते. पाठीतून भूल देणार आहेत, पण मॅडमना सकाळीच विचारायला हवं, पाठीत मॉर्फिनही घालणार आहात का. घालणार असतील तर 24 तास लक्ष ठेवणारी खाट आधी मागून ठेवायची, आणि त्यांच्या मुलाला आत्ताच निरोप द्यायचा, झोपताना लावायचं मशीन घरून बरोबर आणा म्हणून.