पगाराचे 100 भाग

नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात मी तीनदा बचत सुरू केली आणि तिन्ही वेळा मोडली.

पहिल्यांदा ठरवलं होतं की महिनाअखेरीला जे उरेल ते बाजूला टाकायचं. उरलं काहीच नाही. दुसऱ्यांदा कुठेतरी 50-30-20 चा हिशेब वाचला: 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचतीला. पगार झाला त्याच संध्याकाळी 20 टक्के दुसऱ्या खात्यात टाकले आणि 17 तारखेला गुपचूप परत आणले. पुढच्या महिन्यात 14 तारखेलाच. तिसऱ्यांदा किरकोळ चैन पूर्ण बंद केली. तीन आठवडे व्रत नीट चाललं, मग चष्मा तुटला, आणि तीन आठवड्यांत वाचवलेले पैसे नव्या काचेलाही पुरले नाहीत.

तेव्हा मला वाटायचं की माझ्यातच शिस्त नाही. कमी पगारात हे वाटणं फार सोपं असतं, कारण सल्ला देणारे बहुतेक जण शिस्तीबद्दलच बोलतात.

चौथ्या वेळी बचत करायचीच नाही, नुसतं लिहायचं असं ठरवलं. तीन महिने प्रत्येक खर्च मोबाइलमध्ये टिपला. रकमा बघून छातीत धस्स व्हायचं, म्हणून मी पगाराचे 100 भाग पाडले आणि सगळं त्यातच मोजलं. भाडं 38, जेवणखाण 24, प्रवास 11, घरी पाठवायचे 10, फोन 3, क्रेडिट कार्डाची परतफेड 6. झाले 92. म्हणजे ज्या हिशेबात गरजा 50 मध्ये बसतात, तो हिशेब माझ्या पगारासाठी केलेलाच नव्हता. ते कळल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी हलकंच वाटलं.

पण उरलेले 8 कुठे जात होते? तीन महिन्यांच्या टिपणात ते नीट दिसेनात. एका महिन्यात चप्पल, दुसऱ्यात दाताचा डॉक्टर, तिसऱ्यात एका लग्नाला जायचा प्रवास. प्रत्येक वेळी मी समोर ‘अचानक’ असं लिहिलेलं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी बँकेचे वर्षभराचे व्यवहार काढून बसले आणि सगळे ‘अचानक’ एका कागदावर घेतले: चष्मा, औषधं, फोनची दुरुस्ती, विम्याचा वार्षिक हप्ता, लग्नकार्यं, एक प्रवेश परीक्षेची फी. बेरीज आली 96 भाग. जवळजवळ एक अख्खा पगार! बाराने भागलं तर महिन्याला 8.

त्यातलं अचानक असं फारच थोडं होतं. चष्मा कधी तुटेल हे माहीत नसतं, पण वर्षभरात असं काहीतरी होणार हे माहीत असतंच. तरी मी ते धरत नव्हते. असे दोन खर्च एकाच महिन्यात आले की कार्ड पुढे करायचे. माझी बचत मोडत होती ती इथे.

म्हणून पगारातून पहिले 8 भाग वेगळ्या खात्यात टाकायला लागले. त्या खात्याचं कार्ड मागवलं नाही आणि फोनमध्ये त्याचं ॲपही ठेवलं नाही. या पैशांना मी बचत म्हटलं नाही, कारण ते खर्च व्हायचेच होते.

यानंतर कार्ड. तोवर उधारी बरोबर एका पगाराएवढी झाली होती, म्हणजे 100 भाग. व्याज महिन्याला 3 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. मी भरत असलेल्या 6 भागांतले 3 नुसत्या व्याजात जात होते. गणित मांडून पाहिलं: नवी खरेदी एका पैशाची न करता, दरमहा 6 भरत राहिले तरी फिटायला दोन वर्षं, आणि व्याज 41 भागांच्या आसपास. तेच दरमहा 16 भरले तर सात महिन्यांत जवळपास सगळं फिटतं आणि व्याज साडेबारा भागांच्या आत राहतं. एवढी उधारी डोक्यावर असताना बचत खात्याच्या व्याजाची वाट बघणं म्हणजे बुडाला भोक असलेला हंडा भरत बसणं.

जादा 10 भाग आणायचे कुठून? बाहेरचं खाणं, कपडे, सगळं मिळून फार तर 2 निघत होते, तेही रोज मन मारून. ज्यातून काही निघेल असा मोठा आकडा एकच होता, भाडं. मी एकटीची खोली सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर राहायला गेले. भाडं 38 वरून 26 वर आलं. जागा लांब असल्यामुळे प्रवास 11 चा 13 झाला. निव्वळ 10 सुटले.

हे लिहायला एक ओळ लागली, पण जगायला सोपं नव्हतं. रात्रपाळीहून आल्यावर अंधारात चाचपडत कपडे बदलायचे, फोनवर बोलायला जिन्यात जायचं. मैत्रीण चांगली होती, तरी दोनदा भांडण झालं, आणि दोन्ही वेळा कारण भांडी होती. पण हा त्रास मी एकदा निर्णय घेऊन पत्करला होता. आजचा खर्च करू की नको, ही रोजची झटापट संपली. मला ते जास्त झेपलं.

मध्ये दोन चुका झाल्या. दरमहा आपोआप पैसे वळते व्हावेत म्हणून मी पगाराच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख दिली होती. एका महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाला, खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि बँकेने दंड कापला. तेव्हापासून मी पाच दिवसांचं अंतर ठेवते. दुसरी चूक जेवणखाणाची. महिन्याचे 24 भाग म्हणून मी आठवड्याला 6 धरत होते आणि शेवटच्या दिवसांत चणचण का भासते ते कळत नव्हतं. वर्षात आठवडे 52 असतात, 48 नाही. आठवड्याला साडेपाच धरल्यावर ते बसलं.

आठव्या महिन्यात कार्डाची राहिलेली चिल्लर भरली. हातात 16 भाग मोकळे झाले. सगळे बचतीत टाकायची फार इच्छा होती, पण आधीचे तीन प्रयत्न आठवले. 4 स्वतःच्या हौसेला ठेवले, 12 बाजूला. भाडं, जेवण, प्रवास, घरचे आणि फोन मिळून महिना 76 भागांत निघत होता, म्हणून पहिलं लक्ष्य तेवढंच ठेवलं, एका महिन्याचा खर्च. बचत सुरू केल्यापासून सातव्या महिन्यात ते पार झालं. लोक तीन किंवा सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा म्हणतात. बरोबरच आहे, पण सुरुवातीला तो आकडा मी मुद्दाम बघितला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली. पगार बरा होता, पण पहिला पगार हातात यायला चाळीस दिवस जाणार होते. आदल्या वर्षीही अशी एक संधी आली होती आणि ती मी याच कारणाने सोडली होती. कमी पगारातून बाहेर पडायलाही आधी पैसे लागतात, हे मला त्या वेळी कुणाला सांगता आलं नव्हतं. घरी मी ‘कामाची वेळ जमत नाही’ असं सांगितलं होतं.

या वेळी हो म्हटलं. नऊ महिन्यांत जमलेल्या 108 भागांपैकी चाळीस दिवसांनंतर जेमतेम 10 उरले. नवा पगार झाला, त्याचे पुन्हा 100 भाग पाडले आणि पाच दिवसांनी पहिले 8 वेगळ्या खात्यात गेले. मैत्रीण विचारत होती, आता एकटीची खोली बघणार का. तिला म्हटलं, अजून वर्षभर भांडी घास.