थिरथिरा आणि अर्थिंग

परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर जुन्या विजेच्या मोटारींच्या बॉड्यांचा ढीग लावलाय ना, त्याच्यावर थिरथिरा पक्षी बसलेला. काळी छाती, विटकरी पोट. दर दोन-चार क्षणांनी कमरेत झुकतो आणि शेपटी अशी थरथरवतो, की सुटायच्या बेतातला पंख्याचा कॅपॅसिटर आठवावा. ढिगात किडे लपलेले असतात, तेच त्याचं खाणं. दसऱ्याच्या मागंपुढं येतो, होळीच्या सुमारास दिसेनासा होतो. वजन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. ६२०३ नंबरचं बेअरिंग त्याच्या चौपट भरतं.

हा हिमालयाकडून, मध्य आशियाकडून येतो, आणि तोही रात्रीचा उडत. मी दारव्ह्याजवळच्या गावात बावीस वर्षं मोटार रिवाइंडिंग करतो. चुंबकत्वावर माझं घर चालतं. पक्षी पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतात हे ऐकलं तेव्हा मला ते पटलंच नव्हतं. कारण आकडा माहीत होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (हे चुंबकत्व मोजायचं माप). माझ्या पाच एचपीच्या मोटारीत स्टेटर (स्थिर भाग) आणि रोटर (फिरता भाग) यांच्या मधल्या फटीत याच्या दहा हजार पटीचं क्षेत्र फिरत असतं, आणि मोटारीच्या अंगावर हात ठेवला तरी मला त्या क्षेत्राचं काही जाणवत नाही. मग या एवढ्याशा जिवाला काय जाणवणार?

म्हणून तीन हिवाळे मी हेच वाचत बसलो.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रँकफर्टची. वोल्फगांग आणि रोस्विता विल्चको या नवरा-बायकोनं रॉबिन पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवलं. (आपला चिरक नव्हे. युरोपातला, नारिंगी छातीचा. थिरथिऱ्याच्याच कुळातला.) स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा जायच्या दिशेनं फडफडतो. पिंजऱ्याभोवती त्यांनी तांब्याच्या तारेच्या मोठ्या कॉइली लावल्या आणि करंट सोडून क्षेत्र हवं तसं वळवलं. इथपर्यंत वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हे तर आपलंच काम!

पण १९७२ साली त्यांनी जे छापलं ते आपल्या कामासारखं नव्हतं. होकायंत्राच्या काट्याचं कसं, क्षेत्र पूर्ण उलटं केलं की काटाही उलटा फिरतो. रॉबिन फिरला नाही. मात्र क्षेत्राची नुसती उभी बाजू उलटी केली, आडवी तशीच ठेवली, तर तो बरोबर पाठमोरा झाला. म्हणजे त्याला उत्तर-दक्षिण कळतच नाही. त्याला कळतो तो चुंबकीय क्षेत्राच्या रेषांचा उतार. या रेषा जमिनीत तिरप्या शिरतात. जर्मनीत खूप तिरप्या, आपल्याकडे कमी, कन्याकुमारीच्या आसपास जवळजवळ आडव्या. ध्रुव कुठल्या अंगाला आणि विषुववृत्त कुठल्या, एवढं त्या उतारावरून पक्षी ओळखतो.

आणि हे सगळं चालतं उजेडावर. निळ्या-हिरव्या उजेडात रॉबिन दिशा धरतात, पिवळ्या-लाल उजेडात भांबावतात. क्षेत्र तेच, पिंजरा तोच, फक्त दिव्याचा रंग बदलला. काट्याला दिवा लागत नाही, या पाखराला लागतो! हे वाचून मी मोबाईल उलटा ठेवला आणि बराच वेळ अंगणात फिरलो.

कारण डोळ्यात आहे, असं भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांच्या १९७८ च्या कल्पनेतून पुढं निघालं. पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा उजेड त्याच्यावर पडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उडी मारतो आणि दोन इलेक्ट्रॉन एकेकटे पडतात. प्रत्येकाची आपली भिंगरी असते, आणि दोघांच्या भिंगऱ्यांचा मेळ क्षणाक्षणाला जुळतो, तुटतो. पृथ्वीचं क्षेत्र तिथं काही ओढत-ढकलत नाही. तेवढी ताकद त्याच्यात नाहीच. ते फक्त या मेळाचा तोल किंचित इकडचा तिकडं करतं, आणि त्यानुसार पुढं तयार होणारं रसायन कमी-जास्त होतं. माझी चूक इथंच होती. मी जोर शोधत होतो. २०२१ साली ऑक्सफर्ड आणि ओल्डेनबर्गच्या लोकांनी रॉबिनचं क्रिप्टोक्रोम ४ परीक्षानळीत तपासलं. ते चुंबकाला प्रतिसाद देतं, आणि कोंबडी-कबुतराच्यापेक्षा जास्त देतं. डोळ्यात प्रत्यक्ष हे घडताना अजून कोणी पाहिलेलं नाही, पण पक्ष्याला समोरच्या दृश्यावरच दिशेची फिकी-गडद सावली दिसत असावी, असा कयास आहे.

मला सगळ्यात आवडलं ते ओल्डेनबर्गचं दुसरं काम. तिथं विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांमधले रॉबिन दिशाच धरेनात. मग खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि पत्र्यांना अर्थिंग दिलं. पक्षी दिशा धरू लागले. अर्थिंग सोडवलं, पुन्हा गोंधळले. हे २०१४ साली छापून आलं. अडथळा होता उपकरणांमधून आणि एएम रेडिओमधून पसरणाऱ्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरींचा. मोबाईल टॉवरच्या लहरी याच्या खूप वरच्या, आणि आपल्या लाईनचे ५० हर्ट्झ खूप खालचे. गावात पाखराचं काहीही बिनसलं की बोट टॉवरकडं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मीठ-कोळसा भरून अर्थिंगचे खड्डे मी शेकड्यांनी केलेत. त्या तारेवर एखाद्या पाखराची वाट अवलंबून असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

गेल्या पौषात रात्रपाळीची लाईन होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि एकाची सबमर्सिबल बंद पडलेली. पहाटे दोनपर्यंत विहिरीवर होतो. धुऱ्यावर शेकोटीजवळ त्याची आई बसली होती, तिला हे सगळं सांगितलं. सत्तरीची बाई, एक अक्षर न सोडता ऐकलं आणि म्हणाली, "मंग बाप्पा, ज्याचं ते डोयातलं गेलं, थे पाखरू घरी पोचतच नसन का?"

त्या रात्री मला उत्तर आलं नाही. नंतर सापडलं. डोळ्याकडून आलेलं ज्या भागात पोचतं, मेंदूतला तो भाग शास्त्रज्ञांनी निकामी केला, तेव्हा रॉबिनचं चुंबकाचं भान गेलं. चोचीकडून येणारी नस कापली तेव्हा गेलं नाही. आणि ज्यांचं गेलं होतं, ते ताऱ्यांवरून आणि मावळत्या सूर्यावरून दिशा धरतच होते.

परवा बाजारात भेटली, तेव्हा सांगितलं. "तारे तं आमीबी पायतो," म्हणाली, आणि पिशवी उचलून एसटीकडं निघाली.