मखराचे पळते दिवे आणि ब्रेडबोर्ड: माझा अनुभव

दहा एलईडी मखराभोवती एकामागून एक पळवायचे, एवढंच काम. त्याला ५५५ टायमर आणि सीडी ४०१७ हे दोन आयसी पुरतात: ५५५ ठोके देतो, ४०१७ ते मोजून एकेक दिवा लावतो. आकृती कुठेही मिळते आणि बहुतेक वेळा बरोबरच असते. तरी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता, भोकांत पाय खोचून सर्किट जोडायच्या बोर्डावर) ती पहिल्या फटक्यात क्वचितच चालते, कारण घोळ असतो तो बोर्डात, तारांत नाहीतर सप्लायमध्ये. म्हणून एकही पार्ट खोचण्याआधी मी बोर्ड तपासून घेतो.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, एका फेरीत मिळतं. (गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात बुधवार पेठेत गाडी नेऊ नये, हे पुणेकराला सांगायला नकोच.) ८३० भोकांचा बोर्ड एक, ५५५ एक, ४०१७ मात्र दोन. तो सीमॉस असल्यामुळे डिसेंबरच्या कोरड्या हवेत, अंगात स्वेटर असताना हाताळला तर स्टॅटिकने जाऊ शकतो. पाव वॉटचे रेझिस्टर १० के (किलो-ओहम) आणि ३३० ओहम, दोन-दोन. १०० के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), ४.७ आणि १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १०४ लिहिलेले डिस्क कपॅसिटर दोन, १०३ एक. लाल एलईडी बारा.

जंपरसाठी, म्हणजे जोडतारांसाठी, मी लॅनच्या केबलचा अर्धा मीटर तुकडा सोलतो. आत आठ तारा निघतात, एकेरी तांब्याच्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या. टोक ७-८ मिलिमीटर उघडं ठेवायचं. कमी ठेवलं तर वरचं प्लॅस्टिक भोकातल्या स्प्रिंगमध्ये अडकतं आणि कनेक्शन लागल्यासारखं दिसतं पण लागत नाही. जास्त ठेवलं तर शेजारच्या तारेला टेकतं. पॅचकॉर्डची बहुतारी वायर चालत नाही, भोकात जाताना पिंजते. उलट वन एन ४००७ सारख्या डायोडचे जाड पाय खोचले की आतली स्प्रिंग फाकते, आणि पुढे त्याच भोकात बारीक पाय सैल बसतो. तेवढ्यासाठी मी अशा डायोडला बारीक तार डकवून (सोल्डर करून) घेतो.

आता बोर्ड. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ६३ उभ्या पट्ट्या, वर-खाली सप्लायच्या दोन-दोन आडव्या. बऱ्याच बोर्डांवर या आडव्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेली लाल-निळी रेघ मध्येच थांबली असेल तर आतली पट्टीही तिथे संपली, असं समजायचं. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं तपासतो आणि तुटलं असेल तिथे जंपर टाकतो. अर्धं सर्किट मेलेलं आणि अर्धं जिवंत, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. बोर्डाखालचा चिकट फोम सोलायचा मोह टाळावा; त्याच्याबरोबर स्प्रिंगा खाली येतात.

सप्लाय मोबाइल चार्जरचा, ५ व्होल्ट. जुन्या केबलची लाल-काळी वायर मीटरवर पाहून बर्ग स्ट्रिपच्या (ताठ पिनांच्या पट्टीच्या) दोन पिनांना डकवली की ती बोर्डात नीट बसते. वरची लाल पट्टी ५ व्होल्टला, दोन्ही निळ्या ग्राउंडला. खालची लाल मी मुद्दाम मोकळी ठेवतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सप्लाय जिथे बोर्डात येतो तिथेच लावायचा.

नव्या आयसीचे पाय फाकलेले असतात. टेबलावर आडवा धरून एकेक रांग हलकेच दाबली की सरळ होतात, नाहीतर एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि वरून दिसत नाही. ५५५ दहा ते तेरा नंबरच्या पट्ट्यांवर, आयसीवरची खाच डावीकडे. पाय १ ग्राउंडला, ८ आणि ४ पाच व्होल्टला, २ आणि ६ एकत्र. ८ आणि ७ मध्ये १० के. ७ आणि ६ मध्ये १० के व प्रीसेट सिरीजमध्ये. २ पासून ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरड, ऋण पाय ग्राउंडकडे. ५ पासून ग्राउंडला १०३. या किमतींत वेग सेकंदाला साधारण १.३ पासून १० ठोक्यांपर्यंत फिरवता येतो, म्हणजे दहा दिव्यांची फेरी साडेसात सेकंदांपासून एका सेकंदापर्यंत.

४०१७ ला अजून हात लावायचा नाही. ५५५ च्या ३ नंबरवर ३३० ओहम आणि एक एलईडी लावून तो लुकलुकतो का ते पाहायचं. न पाहता पुढे गेलं, तर नंतर दोन आयसींपैकी दोष कुणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

४०१७ पंचवीस ते बत्तीस नंबरच्या पट्ट्यांवर. १६ ला पाच व्होल्ट, ८ ग्राउंड, १४ ला ५५५ चा पाय ३. १३ आणि १५ ग्राउंडला जोडायचेच. मोकळे सोडले तर मोजणी मधेच थांबते, मनाला येईल तशी पहिल्यावर परतते. आउटपुटचे पाय ओळीत नाहीत, त्यामुळे दिव्यांचा क्रम असा: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. हा कागदावर लिहून शेजारी ठेवावा. एलईडी चाळीस ते एकोणपन्नासवर, लांब पाय आउटपुटकडे, आखूड पाय त्या मोकळ्या लाल पट्टीत, आणि त्या पट्टीपासून ग्राउंडला एकच ३३० ओहम. एका वेळी एकच दिवा लागतो, म्हणून एक रेझिस्टर पुरतो. पण हे पाच व्होल्टपुरतंच. नऊ व्होल्टवर विझलेल्या एलईडींवर उलट्या बाजूने पाचाहून जास्त व्होल्ट येऊ शकतात, जे त्यांना सोसायचे नाहीत; तिथे प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्यावा.

दिवे उड्या मारत गेले, म्हणजे तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर, तर कारण बहुधा ५५५ असतो. त्याचं आउटपुट बदलताना तो क्षणभर सप्लायमधून मोठा झटका ओढतो, आणि ४०१७ त्याला आणखी एक ठोका समजतो. त्यासाठीच ते १०४: एक ५५५ च्या ८ ला लागून, दुसरा ४०१७ च्या १६ ला, दोन्ही थेट शेजारच्या निळ्या पट्टीत, पाय आखूड कापून. बोर्डाच्या टोकाला लावलेल्या १०४ चा फारसा उपयोग होत नाही. दहाही दिवे मंद आणि एकदम लागलेले दिसले, तर ४.७ चा पाय सुटलाय. ५५५ इतक्या वेगाने धावतोय की डोळ्याला फेरी दिसत नाही. बोट जवळ नेल्यावर दिवे पळू लागले तर ४०१७ चा १४ लटकलेला, म्हणजे कुठेच न जोडलेला. पहिलाच दिवा लागून राहिला तर १५ कुठेतरी पाच व्होल्टला टेकलाय.

मखरावर बारा व्होल्टची एलईडी पट्टी हवी असेल तर प्रत्येक आउटपुटला ४.७ के आणि एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. त्याची मर्यादा १०० मिलिॲम्पियर, त्यापुढे टीआयपी १२२. पट्टीचा करंट मात्र ब्रेडबोर्डातून न्यायचा नाही. बारा व्होल्टची वायर बाहेरून, फक्त दोन्ही सप्लायचा ग्राउंड एक. करंट अर्ध्या ॲम्पियरच्या वर गेला की माझा त्या स्प्रिंगांवर विश्वास नसतो. २३० व्होल्ट तर या बोर्डाच्या आसपासही नको.

दहा दिवस मंडपात तो खोचलेला बोर्ड टिकत नाही. झिरो पीसीबीवर (सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डावर) आयसी बेस लावून डकवतो, पण ब्रेडबोर्डवरचं तोवर मोडत नाही. डकवलेलं चाललं नाही, तर दोन्हीकडे त्याच पायावर मीटर लावून फरक कुठे पडतो ते पाहतो. फरक सापडला तिथे बहुतेकदा कोरडा सांधा (नीट न धरलेलं सोल्डर) असतो, नाहीतर कापायला विसरलेला तांब्याचा ट्रॅक.