एल कॅपिटनवर पायथॉन बिल्ड करताना

2008 च्या अखेरीस बाजारात आलेला ॲल्युमिनियमचा मॅकबुक माझ्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. ॲपलच्या हिशेबाने या यंत्रावर चालू शकणारी शेवटची प्रणाली म्हणजे 10.11, अर्थात एल कॅपिटन. ती सप्टेंबर 2015 मध्ये आली आणि जुलै 2018 नंतर तिला सुरक्षा अद्यतने मिळालेली नाहीत. होमब्रू हे प्रोग्राम बसवून देणारे साधन मॅकओएसच्या अगदी अलीकडच्या मोजक्या आवृत्त्यांनाच पूर्ण आधार देते, त्यामुळे अशा यंत्रावर नवे काही हवे असेल तर मॅकपोर्ट्स या तशाच दुसऱ्या साधनाचा आसरा घ्यायचा किंवा सोर्स (मूळ कोड) आणून स्वतः कंपाइल, म्हणजेच बिल्ड, करून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायचा, एवढेच पर्याय उरतात. दुसऱ्या वाटेने जाताना नेमके काय अडते, ते पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या 3.6 आवृत्तीच्या उदाहरणाने येथे मांडतो.

पहिली अडचण कंपायलरपर्यंत पोहोचण्याआधीच येते. संकेतस्थळांना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे जुन्या यंत्रांवर ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर स्वीकारली जात होती, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली, आणि त्याची जागा घेणारे नवे मूळ प्रमाणपत्र एल कॅपिटनच्या कीचेनमध्ये (प्रमाणपत्रांच्या साठ्यात) नाही. परिणामी कितीतरी संकेतस्थळांवरून सोर्सची फाइलच उतरवता येत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेनड्राइव्हने आणावी आणि तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) तपासून घ्यावा. प्रमाणपत्राची तपासणी बंद करून डाउनलोड करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मुळीच मान्य नाही.

खरा गुंता यानंतर सुरू होतो. एल कॅपिटनवर बसणारा शेवटचा एक्सकोड (ॲपलचा प्रोग्राम बनवण्याचा संच) म्हणजे 8.2.1, पण त्याच्यासोबत येणारा एसडीके (प्रणालीतील फंक्शनांच्या नावांच्या याद्या आणि त्यांची डिक्लेरेशन असलेल्या हेडर फाइली) मात्र 10.12 चा, म्हणजे यंत्रावरील प्रणालीपेक्षा एक पायरी पुढचा असतो. वेळ सांगणारे क्लॉक_गेटटाइम आणि यादृच्छिक बाइट देणारे गेटएंट्रॉपी ही दोन फंक्शने मॅकवर प्रथम 10.12 मध्ये आली. ती एसडीकेमध्ये आहेत, यंत्रावर नाहीत. आता यंत्रावर काय उपलब्ध आहे ते बिल्डपूर्वी तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट फंक्शनचा शोध कसा घेते ते पाहिले, तर पुढचा सारा प्रकार उलगडतो. ती मूळ हेडर वाचत नाही. त्या नावाचे एक खोटे डिक्लेरेशन स्वतःच लिहून छोटासा प्रोग्राम तयार करते, तो लिंक होतो का, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनशी जोडला जातो का, एवढेच पाहते आणि तो चालवून बघत नाही. लिंकर एसडीकेमधील नावांची यादी पाहून होकार देतो, आणि जे फंक्शन या यंत्रावर नाही ते ‘आहे’ अशी नोंद होऊन बसते.

यावर डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे प्रोग्राम ज्या सर्वांत जुन्या प्रणालीवर चालायला हवा ती, 10.11 ठेवावे, असे बहुतेक जण सुचवतात. ते ठेवावेच, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. टार्गेट 10.12 राहिले, तर त्या फंक्शनचा वापर होताच डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम चालताना हीच जोडणी करणारा) ‘सिम्बॉल सापडले नाही’ असे सांगून प्रोग्राम थांबवतो. टार्गेट 10.11 असेल, तर हेडरमधील खुणेमुळे ते फंक्शन ऐच्छिक मानले जाते, चालताना त्याचा पत्ता शून्य निघतो आणि प्रोग्राम काहीच न सांगता कोसळतो. माझ्या मते पहिले अपयश बरे, कारण त्यात निदान दोषी फंक्शनचे नाव तरी कळते.

पायथॉनच्या बाबतीत हे लगेच उघडकीला येते. आपल्या अंतर्गत हॅश-गणनेसाठी त्याला सुरू होतानाच यादृच्छिक बाइट लागतात, आणि नुकताच तयार झालेला पायथॉन वापरूनच पुढची एक्स्टेन्शन मॉड्यूल्स (जोड-भाग) बिल्ड होत असल्यामुळे मेक (बिल्डच्या पायऱ्या चालवणारे साधन) मध्येच थांबते. (मॅकवर या तात्पुरत्या पायथॉनच्या नावामागे विंडोजसारखे ईएक्सई लागलेले दिसते. सोर्समध्ये पायथॉन नावाचे फोल्डर आहे आणि मॅकची फाइल सिस्टीम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, म्हणून ही तडजोड.)

अशा वेळी सी फाइल उघडून ती ओळ काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण प्रोग्रामचा कोड मुळात चुकलेला नाही; त्याला मिळालेली माहिती चुकीची आहे. कॉन्फिगर चालवण्यापूर्वी तिच्या कॅशेमधील (तपासणीचे निकाल साठवणाऱ्या नोंदींमधील) या दोन फंक्शनांची नोंद ‘नाही’ अशी ठरवून दिली, की पायथॉन यादृच्छिक बाइटसाठी यूरँडम या उपकरण-फाइलकडे आणि वेळेसाठी गेटटाइमऑफडे या जुन्या फंक्शनकडे निमूट वळतो. हा पर्यायी मार्ग लेखकांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. सुरक्षित जोडणीच्या एसएसएल मॉड्यूलसाठी मात्र ओपनएसएसएल ही लायब्ररी वेगळी बिल्ड करावी लागते, कारण ॲपलने तिची हेडर 10.11 पासूनच काढून टाकली आहेत.

जेथे असा पर्यायी मार्ग नसतो, तेथे मॅकपोर्ट्सची लेगसी-सपोर्ट ही लायब्ररी कामी येते. जुन्या प्रणालीत नसलेली फंक्शने ती स्वतः पुरवते आणि आपली हेडर मूळ हेडरच्या पुढे ठेवते, त्यामुळे वरच्या प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. दर प्रोग्रामला वेगळे ठिगळ लावण्यापेक्षा सर्वांच्या खाली एकच थर घालण्याची ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण ठिगळे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा तपासावी लागतात.

पायथॉनच्या मंडळींनी 3.9.1 मध्ये हा प्रश्न मुळाशी जाऊन हाताळला: फंक्शन आहे की नाही हे कंपाइल होताना न ठरवता प्रोग्राम चालताना तपासण्याची सोय त्यांनी केली. ही सोय नव्या मॅकवर बिल्ड करून जुन्या मॅकवर चालवण्यासाठी आहे. तिच्यासाठी कंपायलरमध्ये जी तपासणी लागते ती एक्सकोड 9 पासून मिळते, आणि एक्सकोड 9 ला किमान 10.12.6 लागते, म्हणजे एल कॅपिटनवर ॲपलच्या कंपायलरने बिल्ड करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून तेथे मॅकपोर्ट्सचा नवा क्लँग कंपायलर बसवायचा, नाहीतर कॅशेमध्ये आपल्या हाताने ‘नाही’ लिहीत राहायचे.